ओतून द्यायचं बटन

मॅडम शनिवारी सकाळी येणार होत्या आणि गुरुवारी दुपारपर्यंत आमचं जहाज ठरलेलं नव्हतं.

जहाज म्हणजे कॉम्प्युटर गेममधलं. अंतराळात फिरायचं. आम्ही उदगीरला बसून अंतराळाचा गेम करत होतो, आणि तोही ज्या साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या साली. आमच्या घरी नळ महिन्यातून एकदा यायचा. कधी तेवढाही नाही. शेजारीण विचारायची, "ऑफिसात काय करतीस गं दिवसभर?" मी म्हणायचे, "तारे मोजते." ती पुढं काही विचारायची नाही.

ऑफिसात आम्ही तिघंच. मालक बसवराज अप्पा, बंगळूरची नोकरी सोडून गावी परत आलेले. उदगीर जिल्हा होणार, यावर त्यांची श्रद्धा होती. आज होतो का उद्या, एवढाच प्रश्न. दारावरच्या बोर्डावर त्यांनी आधीच 'ता. जि. उदगीर' रंगवून घेतलं होतं. टपाल तरीही 'जि. लातूर' असंच यायचं. दुसरा इरफान, प्रोग्रामर, नांदेडकडचा, देगलूरचा. हाताने जलद, जिभेने त्याहून जलद. आणि तिसरी मी. माझं काम बॅलन्सिंग. म्हणजे गेम फार सोपा नको, फार अवघड नको, यासाठी आकडे जुळवायचे. कोणत्या जहाजाचं वजन किती, टाकी किती, उडी किती लांब, हे सगळं माझ्या शीटमध्ये.

मॅडम हैदराबादच्या एका कंपनीच्या होत्या. गेम त्यांना आवडला तर पुढची दोन वर्षं आमचं ऑफिस उदगीरलाच चालणार होतं. नाही आवडला तर बंद. अप्पांनी हे आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. बंद म्हणजे मी पुण्याला आणि इरफान हैदराबादला. त्या साली गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून गेली होती. मला जायचं नव्हतं. आई एकटी होती आणि गाव सोडायला तयार नव्हती. बाकी मला त्या गेममधून काही नको होतं.

मॅडमचा निरोप छोटा होता. मी दीड तास खेळेन, सूचना वाचणार नाही, लांबच्या प्रवासाला योग्य असं एक जहाज तुम्हीच निवडून ठेवा. आमच्या नकाशात टोकाला एक निळा तारा होता. तिथं पोचायचं, एवढाच खेळ.

जहाजं खरी दोनच होती. एक 'टिटवी'. हलकी, टाकी छोटी, पण तिला पुढं एक पळीसारखं यंत्र. ताऱ्याजवळून जाताना त्या पळीने इंधन गोळा करायचं. दुसरं 'देवणी'. आमच्याकडच्या देवणी बैलाचं नाव अप्पांनीच दिलेलं. जड, पळी नाही, पण टाकी अवाढव्य.

"टिटवी द्या," इरफान म्हणाला. "रस्ताभर तारे हैत. घेत घेत जायचं. एवढी टाकी फिजूल कशाला वाहायची, ताई?"

"तारे हैत म्हणून काय झालं? चौकात हातपंप पण हाय की."

"ते वेगळं. गेममधले तारे कधी आटत न्हाईत. तुम्हीच लिहिलंय."

"मॅडमला काय माहीत आटत न्हाईत म्हणून? जवळ भरलेली टाकी दिसली की माणूस निवांत असतो. देवणीच द्यायचं."

अप्पांनी मान हलवली. "सुवर्णा बरोबर बोलायली. लांब जायचं तर जवळ साठा पाहिजे."

इथं एक गोष्ट समजावून सांगते. इंधनालाही वजन असतं. टाकी भरलेली असली की जहाज जड होतं आणि उडी आखूड पडते. हे सूत्र माझंच होतं. निळ्या ताऱ्याच्या अलीकडे एक मोठी मोकळी दरी होती, सव्वीस प्रकाशवर्षांची, एकाच उडीत ओलांडायची. भरलेली देवणी वीस जायची, निम्मी रिकामी असली तर अठ्ठावीस. मी हिशेब केला होता. दरीपर्यंत जाता जाता टाकी निम्मी होणारच.

"मग ते डम्पचं बटन तरी परत टाकू का?" इरफानने विचारलं.

डम्प म्हणजे टाकीतलं इंधन बाहेर ओतून द्यायचं. हे बटन त्याने सुरुवातीलाच केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मीच ते काढायला लावलं. पहिल्यांदा दाबून पाहिलं तेव्हा स्क्रीनवर निळसर धार लागली, आकडा उतरत गेला, आणि मी घाईने ते बंद केलं. त्या दिवशी सकाळी मी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायचं का भांड्यांना ठेवायचं, यावरून आईशी भांडून आले होते. मी म्हणाले, हे कोण दाबणार? अप्पा म्हणाले, भरलेलं ओतून द्यायचं बटन, आणि या साली? बघणाऱ्याला वाटंल, येडे हैत. त्या दिवशी इरफानही हसला होता. तिघांच्या संमतीने बटन गेलं.

गुरुवारीही आम्ही तेच म्हणालो. नको.

शुक्रवारी मी टेस्ट केली. पूर्ण प्रवास दीड तासाचा, म्हणून दोन तुकडे केले. पहिला तुकडा व्यवस्थित झाला. दुसऱ्यात होते तेवढ्यात आईचा फोन आला. "पाणी सुटलंय, ये." पाणी सुटलंय म्हटलं की आमच्या ऑफिसात कुणी कुणाला काही विचारायचं नाही. तो ठरलेला नियम होता. दरीच्या आधी एक स्टेशन होतं, जहाजाचे सुटे भाग आणि इंधन विकणारं. मी तिथं थांबले नाही. टाकी निम्मी होती. थेट उडी मारली, बसली. शीटमध्ये 'ओके' लिहिलं आणि गाडी काढली. घरी दोन तास बादल्या, घागरी, कुकर, जे हाताला लागेल ते भरलं.

शनिवारी मॅडम बीदरमार्गे आल्या. पन्नाशीच्या, शांत बाई. हिंदीत बोलायच्या, मी मराठीत सांगते. चहा नको म्हणाल्या, पाणीही स्वतःचं आणलं होतं. आमची अडचण ओळखून आणलं असावं. मला ते बरं वाटलं.

पहिला तासभर फार छान गेला. त्या मधेच "सुंदर" म्हणाल्या. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, राहिलो आपण उदगीरला. आईला आता काहीच सांगायला नको.

मग ते स्टेशन आलं. मॅडम थांबल्या.

"टाकी निम्मीच आहे," त्या म्हणाल्या. "भरून घेते. पुढं मिळेल न मिळेल."

इरफानने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला तोपर्यंत कळलं होतं. जिथं दिसेल तिथं भरून घ्यायचं, हे जगात कुणाला नाही कळलं तरी मला कळायला पाहिजे होतं. आदल्या दिवशी कुकर भरणारी बाई मी.

टाकी काठोकाठ भरली. मॅडम दरीपाशी आल्या. उडी लाल दिसायला लागली.

"का?"

"वजन जास्त झालंय," मी सांगितलं.

"अच्छा. मग थोडं ओतून देते. बटन कुठं आहे?"



"बटन नाही, मॅडम," अप्पा म्हणाले.

"नाही? एवढं सगळं केलंत, तेवढंच राहिलं?"

"राहिलं नाही. काढलं."

"का?"

अप्पा बंगळूरच्या मोठमोठ्या मीटिंगांत बोललेला माणूस. त्यांनी माझ्याकडं हात केला. शेवटी मीच म्हणाले, "ओतून देणारं कुणी असेल असं आम्हाला वाटलं नाही."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, मग आता करायचं काय? मी सांगितलं, मागं-पुढं उड्या मारून इंधन संपवावं लागेल, वीसएक उड्या. त्यांनी तीन मारल्या. मग माउस बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मेहनत दिसते तुमची." असं कुणी म्हटलं की काय समजायचं ते समजतं.

त्या गेल्यावर इरफानने दहा मिनिटांत बटन परत टाकलं. खरंच दहा मिनिटं. मी दाबलं. धार लागली, आकडा उतरला, उडी बसली. निळा तारा समोर आला. आम्ही तिघं बघत बसलो. अप्पांनी नवी फाइल मॅडमना पाठवली. सोमवारी उत्तर आलं, चार ओळींचं, सभ्य भाषेत, नकाराचं. फाइल त्यांनी उघडलीच नव्हती. उघडली की आम्हाला इकडं दिसायचं.

इरफान आधी गेला. जाताना मला काहीच बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. बटन परत टाकू का, हे त्याने गुरुवारी विचारलं होतं. मी महिन्याने पुण्याला आले. आई आली नाही. म्हणाली, "तू जा. एकटीला पाणी पुरतं." अप्पांनी बोर्ड उतरवला. उदगीर जिल्हा झालं नाही.

आता मी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत हेच काम करते. नव्या लोकांना शिकवते. टेस्ट तुकड्यात करू नका, पूर्ण प्रवास करा. आणि बटनं ठेवताना खेळणाऱ्याची सवय बघा, आपली नको. मी हे चांगलं शिकवते, असं सगळे म्हणतात. ज्या ऑफिसला याचा उपयोग झाला असता तिथं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.