सुनेच्या सात पिढ्या

आमच्या होणाऱ्या सुनेचे पूर्वज मी शोधून काढले. मला कोणी सांगितलं नव्हतं.

सून चिलीची, नाव अमाया मेंदिओला उर्रुतिया. मूळचे हे लोक बास्क, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातले. तिचे खापरपणजोबा की कोण तिथून बोटीने चिलीला गेले. एवढ्यावर आमच्या पुण्याच्या आत्याचं समाधान होईना. "ते असू दे रे, पण मुलगी कुणाच्यातली?" तिने फोनवर चार वेळा विचारलं. (आत्याला स्वतःचं गोत्र दर वेळी आठवावं लागतं, ते सोडा.)

"बाबा, नो नीड, लाह," मुलगा ऋषी त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. "तिलाच विचारा ना."

विचारतो कशाला? तीस वर्षं जहाजांची इंजिनं खोलून पुन्हा बसवली आहेत मी! सिंगापुरातल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल अडवून, काय सापडतंय याचा कोणाला पत्ता लागू न देता, मी तीन महिने चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि बोटींच्या प्रवासी याद्या उपसल्या. मुख्य गुंता तर मिनिटात सोडवला. अमाया तिचं नाव, मेंदिओला वडिलांचं, उर्रुतिया आडनाव. इंटरनेटवर वर्षानुवर्षं चाचपडणाऱ्या हौशी मंडळींची मला कीव आली. उर्रुतिया सात पिढ्यांपर्यंत सापडले: मेंढपाळ, सुतार, एक खलाशी, आणि वडिलांच्या आधी जन्मलेले एक गृहस्थ (त्यांना मी दुरुस्त केलं). मग त्या वंशावळीला लिटिल इंडियातून चांगली सोनेरी फ्रेम करून आणली.

साखरपुड्याला अमायाचे वडील एकटेच आले. "या, मेंदिओलाजी," म्हटलं, तर त्यांनी लगेच हात पुढे केला. माझं संशोधन पक्कं ठरलं. साठ माणसांसमोर भाषण ठोकून मी फ्रेम त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"हे सगळे माझ्या बायकोकडचे," ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले. "आमच्यात आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं. या लोकांपासून मी वीस वर्षांपूर्वी कोर्टात जाऊन सुटका करून घेतली."

फ्रेम त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. पोराचं लग्न मीच मोडलं, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी माझी बायको, शुभदा, पुढे झाली. "मनावर घेऊ नका," ती त्यांना म्हणाली. "तुमची निदान सुटका तरी झाली. मी यांना अजून सांभाळते आहे."

मेंदिओलाजी खो खो हसले आणि त्यांनी वाटी परत ओढली. लग्न वाचलं. घरी आल्यावर शुभदा माझ्याकडे वळली.

"अहो, चिलीतल्या एका बाईच्या माहेरच्या सात पिढ्या पाठ केल्यात. माझ्या आईचं माहेरचं आडनाव काय?"

मी बूट काढण्यात गुंतलो.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्याचं पाहून सासूबाईंना फोन लावला. लग्न झाल्यापासून मी आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"जावईबापू?" त्यांचा आवाज कापला. "कोण गेलं?"

"कोणी नाही," म्हटलं. "माझी अब्रू तेवढी."