शफीकभाईंनी भरलेला दुसऱ्याचा फॉर्म

आधीच सांगते — भूत, आत्मा असलं काही मला ऐकवायला येऊ नका, माझं डोकं फिरतं. सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधतात, त्यावरूनही आमची वाजते. मी छत्रपती संभाजीनगरात एका रिहॅब सेंटरमध्ये सायकॉलॉजिस्ट आहे. मेंदूला मार लागलेल्या पेशंटला स्वतःची अवस्था कितपत कळते, हे तपासायचं माझं काम. पद्धत साधी — एक फॉर्म पेशंट भरतो, एक घरचे भरतात, आणि दोन्ही ताडून बघायचे.

शफीकभाई वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. बाइकवरून पडले, डोक्याला मार लागला, डावा हात लुळा झाला. आणि माणूस पक्का डावखुरा! पण कबूल करतील तर शपथ. "मला काय धाड भरलीय मॅडम? सर्टिफिकेट द्या, सोमवारी ड्युटीला जातो." डावा हात उचला म्हटलं की उजवा उचलायचे. "उचलला की!" आता काय कपाळ बडवून घ्यावं...

वरून त्यांचा थोरला भाऊ रोज डोक्यावर बसलेला — फिट लिहून द्या, नोकरी जाईल. त्याच्या धाकानं बायकोनं, नसीमभाभींनी, फॉर्मवर सगळीकडं 'जमतं' लिहिलं. खोटं होतं, मला दिसत होतं. पण दोन्ही फॉर्म जुळले तर माझ्या एकटीचं कोण ऐकतो? आणि ती प्रेस एका दणक्यात पंजा घेते हो!

सकाळी अकराची वेळ. शफीकभाईंच्या हाती फॉर्म दिला आणि दारातच भावाशी माझी जुंपली. दहा मिनिटं. भाभी माझ्या शेजारी उभ्या. खोलीला दुसरं दार नाही. वळून बघते तर घाईत मी त्यांना घरच्यांचा फॉर्म दिलेला — 'पेशंटला हे जमतं का?' वाला. स्वतःवरच चिडले. पण फॉर्म भरलेला होता.

डाव्या हातानं कप धरता येतो? — नाही. आपला हात हलत नाही हे त्याला कळतं? — नाही. शेवटी दोन ओळी : 'त्याला प्रेसवर पाठवू नका, तो ऐकायचा नाही. नसीमवर जबरदस्ती करू नका.' आणि पेशंटशी नातं? 'सोबत राहतो.'

आता हुशार मंडळी म्हणतील, दुसऱ्याबद्दल म्हणून विचारलं की काही पेशंट खरं सांगतात. माहितीये! मीच शिकवते ते! पण अक्षर? भाभींनी बघताक्षणी ओळखलं. "हे अपघाताच्या आधीचं अक्षर आहे यांचं." लिहिताना हात घासून शाई फिसकटलेली, डावखुऱ्यांची फिसकटते तशी... आणि मांडीवर निपचित पडलेल्या डाव्या हाताच्या करंगळीला निळा डाग.

"मी कवा लिहिलं?" शफीकभाई उलट माझ्यावरच डाफरले.

मी सर्टिफिकेट दिलं नाही. भाऊ अजून शिव्या घालतो. नंतर तोच फॉर्म चार वेळा मुद्दाम दिला — उजव्या हातानं वेडंवाकडं लिहितात, सगळं 'जमतं'! आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणे, सुट्टी घ्या. वैताग आहे नुसता.

काल भाभी एकट्याच आल्या. तो फॉर्म मागून घेतला, बराच वेळ वाचत बसल्या.

"मॅडम, घरी यांच्याशी रोज भांडते मी. पण हे ज्यांनी लिहिलं ना... त्यांना एकदा भेटवा की."

कसं भेटवू, तुम्हीच सांगा.