पट्ट्यांची उत्तरपूजा

झेंडूचा उग्र, किंचित कडवट वास आणि त्यात मिसळलेला रंगरसायनांचा आंबूस दर्प. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची डोंबिवलीतली ती सकाळ आजही मला आधी नाकाने आठवते. आश्विनाचं ऊन कारखान्याच्या पत्र्यांवर घासलेल्या पितळेसारखं पसरलं होतं, आणि टेंभी नाक्यावरचं नवरात्राचं जागरण डोळ्यांत घेऊन ठाण्याहून आलेली मी रंग ढवळायच्या एका टाकीपुढे उभी होते.

टाकी कंपनीची, पण तिच्यातल्या प्रवाहाचं गणित माझं. खवळलेलं पाणी ही मोठी लहरी गोष्ट. त्यातला एकेक भोवरा मांडू म्हटलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून आपण त्याची सरासरी चाल धरायची आणि उरलेल्या धिंगाण्यासाठी अंदाजाची समीकरणं बांधायची. महिनोन्‌महिने संगणकाशी भांडून मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की हिच्यात रंग बघता बघता तळापर्यंत एकजीव होईल. आमचे मॅनेजर नेनेसाहेब यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू या. नाही झाला, तर तू आपली पुन्हा ड्रॉइंगं गिरवायला बस." कारखान्यात यंत्रांपाशी उभी राहिलेली मी पहिलीच मुलगी. परत गिरवायला? मेले तरी नाही!

मोटर सुरू झाली, पातं फिरलं, पाणी गोल गोल घुमू लागलं आणि मधोमध सुबक खळगा पडला. काय देखणं दिसत होतं! साहेबांनी निळा रंग ओतला. तो ऐटीत वरच्यावर फेऱ्या घेत राहिला, आणि तळाच्या नळातून आलं ते स्वच्छ पाणी. कुणीतरी खाकरलं. माझे कान तापले. मोटर बंद करायला लावून मी शिडीवर चढले आणि आत वाकले.

टाकीला आतून चार उभ्या पट्ट्या अडकवलेल्या असायला हव्या होत्या. पाण्याला आडवं जायचं आणि त्याचं ते शहाण्यासारखं गोल फिरणं मोडायचं, एवढंच त्यांचं काम. आत भिंत लख्ख घासलेली, आणि पट्ट्या गायब!

"म्हात्रेकाका, पट्ट्या कुठंयत?"

आमचे फोरमन म्हात्रेकाका इथल्याच आगरी गावचे, अंगानं आडवे नि मनानं देवभोळे. "देवीपुढं," ते शांतपणे म्हणाले. खंडेनवमीला टाकी घासताना त्यांनी त्या काढल्या आणि हातोडी-पान्यांच्या शेजारी पूजेला मांडल्या. "उत्तरपूजा झाल्याबिगर हलवायच्या नाय. गुरुजी दुपारी येनार."

दुपारी! साहेब तर आत्ताच घड्याळ बघत होते. देवी मांडली होती त्या कॅन्टीनमध्ये मी तरातरा गेले, काका मागोमाग. तिथे माझ्या पट्ट्या हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून नवरीमुलींसारख्या नटून उभ्या. भांडायला गेलेली मी, मला हसूच फुटलं. "काका, तुम्हीच करा की उत्तरपूजा! देवी काय गुरुजींची वाट बघत बसलीय?" त्यांनी डोकं खाजवलं, देवीकडे पाहिलं आणि मुठीत अक्षता घेतल्या. 'पुनरागमनाय च' आम्ही एका सुरात म्हटलं. मागे नेनेसाहेब कधी हात जोडून उभे राहिले, कळलंच नाही.

टाकी रिकामी करून पुन्हा भरली, पट्ट्या आपापल्या जागी बसल्या. या वेळी खळगा पडलाच नाही. पाणी पट्ट्यांवर आपटलं, अडखळलं, उसळलं, उलटं वळलं. निळ्याचे झुबके फुटले, त्यांतून आणखी झुबके फुटले, आणि तळाच्या नळातून निळंशार पाणी आलं तेव्हा मी लाजलज्जा सोडून टाळ्या पिटल्या.

"दुसऱ्या टाकीचं गणित कधी देतेस?" साहेबांनी विचारलं. मला रडूच यायचं बाकी होतं, इतका आनंद झाला.

तेवढ्यात म्हात्रेकाकांनी कडेपासच्या एका इवल्याशा भोवऱ्याकडे बोट केलं. "ताई, यो आता कुठं जानार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्या समीकरणांना सगळ्या घोळक्याची चाल ठाऊक होती. या एकट्याचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. "मला काय ठाऊक, काका!" मी म्हणाले, आणि ते म्हणताना केवढं हलकं वाटलं.

"डावीकडं," साहेब ठामपणे म्हणाले. काकांचं मत उजवीकडे. भोवरा क्षणभर थबकला, फुटून त्याचे दोन झाले, आणि आम्ही तिघंही टाकीवर वाकून कोणाच्या मागे जावं ते ठरवत राहिलो.