बेचिराग गावचा जागल्या

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतातला माणूस नाही. आमच्या परभणीकडं कुणाच्या घरावर दगड पडले की लोक भानामती म्हणतात, आणि मी दगड मारणारा शोधत हिंडतो. तरीही हे लिहितोय. हसायचं तर खुशाल हसा, मला सवय आहे.

निजामाचं राज्य होतं. पोलिसात नवा जवान म्हणून माझं पहिलंच पोस्टिंग बोरीकडच्या एका ठाण्यात झालं. घरात सरकारी पगार आणणारा पहिलाच मी. नोकरी पक्की झाली की लग्न, असंही ठरलेलं. पण पक्की व्हायला आधी गस्तीचा सगळा इलाखा पायाखाली घालायचा होता.

तेव्हा रीत अशी होती, की गावचा जागल्या, म्हणजे राखणदार, जवानाची अंथरुणाची वळकटी डोक्यावर घेऊन त्याला आपल्या शिवेपर्यंत पोचवायचा. तिथं पुढच्या गावचा जागल्या उभा असायचा, तो वळकटी घ्यायचा. मध्ये एखादं बेचिराग, म्हणजे उजाड गाव आलं तर अलीकडच्यानंच पार पलीकडं नेऊन सोडायचं... हे शेवटचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुगीचे दिवस, भर दुपार. चारठाणा गावाकडं निघालो होतो. शिवेवर लिंबाखाली एक म्हातारा उभा दिसला. मी माझ्यासोबतच्या जागल्याला म्हटलं, "ठेव वळकटी, जा तू. माणूस आलाय." तो लिंबाकडं बघून गोंधळला, पण वर्दीपुढं बोलतो काय... गेला मुकाट.

म्हाताऱ्यानं वळकटी डोक्यावर घेतली.

"नवे हाव का साहेब?"

"हो."

"आलाव, लय बरं झालं. आमच्या गावाकडं कुनी येतच न्हाई."

वाटेत त्यानं ओढ्याचा उतार दाखवला, पाण्याची विहीर दाखवली, चोर गुरं कुठून हाकतात तेही सांगितलं. गावात एक चूल पेटलेली नव्हती, कुत्रं भुंकलं नाही. मला वाटलं, सगळे ज्वारी काढायला रानात गेले असतील. पलीकडच्या शिवेवर त्यानं वळकटी दगडावर ठेवली. मी वाकून बुटातला खडा काढला आणि वर पाहतो तो... कुणीच नाही. उघडं रान, लपायला झुडूपसुद्धा नाही.

समोरून चारठाण्याचा जागल्या आला.

"मघापून बघायलोय साहेब, तुमी एकलेच यायलाव. हात बी रिकामे. ही वळकटी कुठून आली?"

"या गावच्या जागल्यानं आणली की."

"तिथं कुनी न्हाई साहेब. आमच्या आज्याच्या वक्ताला पटकीच्या साथीत सारं गाव मेलं."

ठाण्यावर परतल्यावर जे घडलं ते सगळं अमीनसाहेबांना सांगितलं. हे आमच्या ठाण्याचे प्रमुख, माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी मला लिंबापर्यंत सोडणाऱ्या जागल्याला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "मला तर लिंबाखाली कुनी दिसलं न्हाई सरकार."

अमीनसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "धूप लग गई होगी मियाँ. बोल दे, कोई नहीं था, बिस्तर मैं खुद लाया. नौकरी पक्की. नहीं तो दिमाग फिरे सो जवान मेरेकू नक्को."

खोटं कशाला बोलू, तसं म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. आई डोळ्यांपुढं आली, ठरलेलं लग्न आलं. पण तो म्हातारा उन्हात माझं ओझं घेऊन चालला होता, आणि कुणी आलं म्हणून त्याला केवढा आनंद झाला होता. फार वाईट वाटलं मला.

"माणूस होता साहेब," मी म्हणालो.

नोकरी गेली. मुलीच्या बापाला जवान जावई हवा होता, त्यानं लग्न मोडलं. आईनं कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

ऊन लागलं म्हणता? कुणी फरारी असेल म्हणता? मग वळकटी कुणी आणली, आणि चारठाण्याच्या जागल्याला मी रिकाम्या हातांनी येताना कसा दिसलो? उत्तर माझ्याकडं नाही, अजूनही नाही. पण तो नव्हताच, असं अमीनासमोर पोटाची काळजी असताना म्हटलं नाही. आता तुमच्यासाठी कशाला म्हणू?