मागच्या पुठ्ठ्यातला खिसा

आमचा अमेरिकन वकीलसाहेब म्हणजे शहाणपणाचा नुसता आव. साठच्या दशकाच्या मध्यावर मी दुबईत, समुद्रात तेलाच्या विहिरी खणणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत टायपिस्ट होतो. मुंबईत लॉचं एक वर्ष करून सोडून दिलं होतं, एवढ्या भांडवलावर मला वकिलाच्या खोलीत बसवलं. खोलीत एअरकंडिशनर होता, भिंतभर जाडजूड ग्रंथ होते आणि त्यांच्यापुढे पाय टेबलावर टाकून साहेब बसलेला असे.

अमेरिकन कायद्याची बाराखडी त्यानेच मला शिकवली, हे नाकारत नाही. तिकडे कायदा नुसत्या कलमांत नसतो, जुन्या निकालांतही असतो. म्हणून आपण काहीही म्हटलं की त्याच्यामागे निकालाचा पत्ता द्यायचा. आधी भांडणाऱ्या दोघांची नावं, मग खंडाचा आकडा, ग्रंथाचं आखूड नाव, पानाचा आकडा आणि शेवटी कंसात कोर्ट व साल. एवढ्यावरून कुठल्याही वकिलाला तो निकाल सापडलाच पाहिजे. पद्धत झकास आहे. पण साहेबाचा जीव त्यातल्या टिंबांतच अडकलेला. आखूड नावातलं एक टिंब सुटलं तरी तो अख्खं पान टराटरा फाडायचा आणि "अगेन!" म्हणून ओरडायचा. निकाल काय म्हणतो, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे.

त्याच सुमाराला आमच्या टगबोटीवर अपघात झाला. रत्नागिरीकडचे एक वयस्क खलाशी होते, मी त्यांना चाचा म्हणायचो. विंचची, म्हणजे ओझं ओढायच्या यंत्राची, तार तुटून त्यांच्या गुडघ्यावर बसली. डॉक्टर म्हणाला, बहारीनच्या हॉस्पिटलात दोन-तीन महिने इलाज झाला तर पाय वाचेल, नाहीतर कापावा लागेल. बोटीवर झेंडा अमेरिकन, म्हणून कायदाही तिकडचा. आणि त्या कायद्यात फार जुना नियम आहे की बोटीवर जखमी झालेल्या खलाशाला बरा होईपर्यंत मालकाने सांभाळायचं. मॅनेजरला ही ब्याद नको होती. चाचांना मुंबईच्या आगबोटीत बसवून मोकळं व्हायचं होतं. त्याने साहेबाला विचारलं, काही वाट आहे का?

साहेबाने दोन दिवस घाम गाळल्याचं सोंग केलं आणि निवाड्यांच्या सारसंग्रहातून एक जुना निकाल हुडकला. खलाशाचा करार संपला की मालकाची जबाबदारी संपली, असं त्यात होतं. चाचांचा करार त्याच आठवड्यात संपत होता. साहेब असा हरखला की जणू तो निकाल त्यानेच दिला होता.

पत्ता नीट उतरवून घ्यायला मी तो खंड घेतला. आमच्या गावात पोर आधी मदरशात अरबी कायदा, म्हणजे बाराखडीची चोपडी गिरवतं आणि मग मराठी शाळेत जातं. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मी ते मागूनच उघडतो. शाळेत मास्तरांनी त्यापायी माझे कान पिळून लाल केले, पण खोड काही गेली नाही. त्या दिवशीही मागचाच पुठ्ठा उघडला. आत कागदाचा खिसा, खिशात पातळ पुरवणी. ग्रंथ छापून झाला तरी निकाल थांबत नाहीत, म्हणून दरसाल नवी पुरवणी येते आणि ती तिथे सरकवतात. आधी खिसा बघायचा, मग ग्रंथ वाचायचा, हा धडाही साहेबाचाच. स्वतः मात्र कोरडा पाषाण.

पुरवणीत दोनच ओळी होत्या. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला होता. करार संपला तरी इलाज चालू ठेवलाच पाहिजे.

मी खंड घेऊन साहेबापुढे उभा राहिलो. मला वाटलं, आता याची खोड मोडली. त्याने त्या ओळी वाचल्या, कानापर्यंत लाल झाला. मग पुरवणी खिशातून ओढून काढली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली.

"हू विल चेक? सगळ्या कोस्टवर हा एकच सेट आहे. टाइप इट. यल्ला, जल्दी!"

तोवर मी त्याला नुसता आळशी समजत होतो. नीचपणा त्या दिवशी कळला. पण माझं काय? माझी तिथे राहण्याची परवानगी कंपनीच्या हातात होती. मॅनेजरला द्यायचा सल्ला मी टाइप केला. मेलेल्या निकालाचा पत्ता मी असा देखणा टाइप केला की एक टिंब इकडचं तिकडे नाही. साहेब म्हणाला, "परफेक्ट!" आयुष्यात पहिल्यांदाच. आणि मला, हलकटाला, क्षणभर बरं वाटलं.

चाचांचा पाय पुढे मुंबईत मांडीपासून कापला, ते मला दीडेक महिन्याने कळलं. पण आगबोट सुटायच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ मला त्याहून जास्त छळते. खाडीकाठच्या शेडमध्ये ते बाजेवर पडले होते. मला बघून कोपरावर उठले.

"बेटा, तू किताबांच्या खोलीत बसतोस. ऑफिसवाले बोलतात, मला जायला पाहिजे असं कायद्यात लिहिलंय. सच है क्या?"

त्यांच्या पायाकडे न बघता मी म्हणालो, "हो चाचा. किताबात तसंच आहे."

"मग खलास. किताबातच असेल तर साहेब बिचारा काय करणार? मी उगाच त्याच्या नावाने बोटं मोडत होतो." ते पुन्हा आडवे झाले. "साहेबाला माझा सलाम सांग. बोल, माफ कर."

"सांगतो," मी म्हणालो.