सत्काराला उत्तर देताना

आमच्या कोल्हापुरात जनसंपर्क करणाऱ्यांची एक संघटना आहे. कुणी कॉलेजची वाहवा करतो, कुणी बँकेची, कुणी साखर कारखान्याची, आणि मी एका खासगी दवाखान्याची. दिवसभर दुसऱ्याचं नाव मोठं करून दमलेले आम्ही चाळीस-पन्नास जण महिन्यातून एकदा जमतो आणि एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं देतो. त्या कार्डांचं पुढं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. ज्याला जनसंपर्काची गरज आहे असा एकही माणूस तिथं येत नाही. जिलेबीवाल्यांनी जमून एकमेकांना जिलेबी विकावी, तसा हा प्रकार. त्याला आमच्यात नेटवर्किंग म्हणतात.

मी या संघटनेची सहसचिव आहे. कशी झाले, तर कार्यकारिणीच्या फोटोत एकही बाई नाही हे अध्यक्षांच्या लक्षात आलं, तेही फोटो पेपरात छापून आल्यावर. त्याच सकाळी मला फोन आला. तेव्हापासून समईला तेल-वात आणणं, फेटे बांधणारा माणूस शोधणं, सूत्रसंचालन करणं आणि शेवटी कुणी ऐकत नसताना आभार मानणं, एवढी जबाबदारीची कामं माझ्याकडे आहेत.

यंदाच्या वार्षिक मेळाव्याची तारीख ठरवायला आम्हाला दीड महिना लागला. पहिल्या तारखेला पेठेतल्या दोन तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच निघाली. त्या दिवशी मेळावा घेतला असता तर अध्यक्षसुद्धा फिरकले नसते. दुसऱ्या तारखेला एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, आणि आमच्यातले निम्मे लोक त्याच्या फ्लेक्सवरच जगतात. तिसऱ्या तारखेला लग्नाची दाट तिथी. दर वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आगामी कार्यक्रम’ म्हणून नवं रंगीत कार्ड पडायचं आणि त्याखाली तीच माणसं तेच हात जोडायची. तारीख कुठली हे कुणी वाचत होतं असं मला वाटत नाही.

मेळाव्याला एका बिल्डरनं पैसे दिले होते आणि त्याला कुणाला तरी जीवनगौरव द्यायचा होता. मग बैठकीत असा सभासद शोधला गेला, जो म्हातारा आहे, पण जिना चढू शकतो. हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. एकमतानं काकांचं नाव निघालं.

काका म्हणजे जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे निवृत्त प्रसिद्धी अधिकारी. तीसेक वर्षं त्यांनी चेअरमनची भाषणं लिहिली, चेअरमनच्या बातम्या लिहिल्या, चेअरमनच्या नावानं शोकसंदेश आणि शुभेच्छा लिहिल्या. मी या धंद्यात नवी असताना बातमी कशी लिहायची हे मला त्यांनीच शिकवलं. आता ते हातकणंगल्यात राहतात. पुरस्काराचं कळवायला मी फोन केला, तर ते म्हणाले, “पोरी, सत्काराचं ऱ्हाऊ दे. शाली घरात ढीगभर हायत. मला बोलाय किती वेळ देणार, तेवढं सांग.”

“दहा मिनिटं, काका.”

“लिहून देशील?”

मी हसले, पण ते हसले नाहीत. म्हणाले, “आयुष्यभर माईकम्होरं दुसऱ्यालाच उभा केला गं. मी माईकवर कवा बोललो असंन तर ‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग’, एवढंच. ह्या खेपेला बोलणार. आन् तुझ्या काकूला घेऊन येणार. तिनं मला बोलताना कवा ऐकलंच न्हाय.”

“घरात बोलता की.”

“घरात ती बोलती.”

त्यानंतर मेळावा होईपर्यंत त्यांचे बरेच फोन आले. माईक उभा असणार का हातातला? काकूला खुर्ची पुढं मिळंल न्हवं? नवं जाकीट शिवलंय, फेट्याचा रंग कुठला? आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न, दहा मिनिटं नक्की न्हवं? मी प्रत्येक वेळी नक्की म्हणाले. कार्यक्रमपत्रिका मीच केली होती आणि त्यात ‘सत्कारमूर्तींचे मनोगत’ ही ओळ ठळक अक्षरात घातली होती.

आमच्या धंद्यातली एक रीत इथं सांगायला हवी. संध्याकाळी होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी आम्ही दुपारीच पाठवतो. जिल्ह्याचं पान लवकर लागतं, मग रात्रीपर्यंत कोण थांबणार? त्यामुळं जे व्हायचं आहे ते झालं असं लिहायचं. ‘उत्साहात संपन्न झाला’, ‘मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते’, हे सगळं आम्ही सतरंजी अंथरायच्या आधी लिहून मोकळे होतो. फोटो तेवढा नंतर जातो. यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

मेळाव्याची बातमी मीच लिहिणार होते, पण काका म्हणाले, “माझ्या सत्काराची बातमी मी लिहितो. तुला जमायची न्हाय.” त्यांनी ती लिहून पाठवली आणि ती अगदी नमुनेदार होती. ‘सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, हा सन्मान माझा एकट्याचा नसून आजवर माझ्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचा आहे. यावेळी ते भावुक झाले. टाळ्यांच्या कडकडाटाने सभागृह दुमदुमून गेले.’

मी फोन करून विचारलं, “काका, भावुक व्हायचं नक्की ठरलंय का?”

“हुणारच की. न्हाय झालो तर बातमी खोटी पडंल.” मग जरा थांबून म्हणाले, “पण खरं भाषण येगळं हाय बरं का. हे आपलं पेपरासाठी.”

“खरं काय आहे?”

“तितं ऐक की.”

मी बातमी दुपारी सगळ्या पेपरांना पाठवली.

मेळावा सुरू झाला तो नेटवर्किंगच्या खेळानं. प्रमुख पाहुणे पुण्याहून आलेले ब्रँडतज्ज्ञ होते. त्यांनी सगळ्यांना समोरासमोर दोन रांगांत उभं केलं आणि हातात घंटा घेतली. दोन मिनिटं समोरच्या अनोळखी माणसाला आपली ओळख करून द्यायची, घंटा वाजली की पुढं सरकायचं. आता कोल्हापुरात अनोळखी माणूस आणायचा कुठून? “पावणं, कुठलं तुम्ही?” इथून सुरुवात झाली आणि पहिल्या घंटेला दोघांचं मामाचं गाव एकच निघालं. दुसऱ्या रांगेत एका बँकेच्या माणसाला त्याच्या चुलतबहिणीचा दीर सापडला आणि ते दोघं खुर्च्या ओढून बसलेच. तज्ज्ञ घंटा वाजवत राहिले. कुणी सरकलं नाही.

त्या रागात की काय, त्यांनी मग फार लांब भाषण केलं. आपला ब्रँड आपणच कसं व्हावं याची चित्रं पडद्यावर येत राहिली. त्यांच्यामागून बिल्डर उठला. त्यानं जनसंपर्काबद्दल एक वाक्य बोलून उरलेला वेळ आपल्या नव्या स्कीममधल्या बाल्कन्यांना दिला. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. दर भाषण संपलं की त्या मला खुणेनं जवळ बोलवायच्या आणि विचारायच्या, “आता हेंचं हाय न्हवं?”

शेवटी सत्कार झाला. फोटोग्राफरला शाल नीट दिसत नव्हती म्हणून तो दोनदा झाला. मी माईक हातात घेऊन म्हणाले, “आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील.” काका खुर्चीतून अर्धे उठले, त्यांचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला. तेवढ्यात केटररचा माणूस अध्यक्षांच्या कानाला लागला. अध्यक्षांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

“काकास्नी कोण ओळखत न्हाय? त्येंनी बोलायची गरजच न्हाय!” ते जोरात म्हणाले. “वेळ झालाय, रस्सा गार हुतोय, मंडळी. काकांसाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. मी माईक परत मागितला, तर अध्यक्षांनी तो माईकवाल्याला दिला आणि त्यानं वायर गुंडाळायला घेतली. लोक ताटांकडे पळाले. मी अध्यक्षांना म्हणाले, “दहा मिनिटं कबूल केली होती आपण.” ते म्हणाले, “जेवताना बोलतील की सगळ्यांशी. नेटवर्किंग तेच असतंय.” माझ्या तोंडात फार वाईट शब्द आला होता. पाहुणे शेजारीच होते म्हणून गिळला.

काका तसेच थोडा वेळ अर्धे उभे होते. मग बसले. जेवायला या म्हणून मी दोनदा सांगितलं, पण त्यांना शेवटची एसटी गाठायची होती, निदान ते तसं म्हणाले. मानपत्र खुर्चीवरच राहिलं.

सकाळी सगळ्या पेपरांत बातमी होती. काका सत्काराला उत्तर देताना बोलले होते, भावुक झाले होते आणि सभागृह दुमदुमून गेलं होतं. इथपर्यंत मला अंदाज होता. पण आमचा ग्रुप उघडला आणि माझं डोकंच फिरलं. जे लोक काल हॉलमध्ये माझ्या डोळ्यांसमोर हाडूक चोखत बसले होते, ते लिहीत होते, ‘काय बोलले काका काल!’ एकानं लिहिलं होतं, ‘अंगावर काटा आला.’ दुसऱ्यानं, ‘डोळ्यात पाणी आणलंत, सर.’ पेपर वाचून त्यांना आदल्या दिवशीची आठवण झाली होती. मी अध्यक्षांना फोन केला. ते खुशीत होते. “बातमी झ्याक आली न्हवं? मग आता काय ऱ्हायलं?” असं म्हणून त्यांनी मला पुढच्या महिन्याच्या कार्यशाळेची बातमी लिहायला घ्यायला सांगितलं.

मी रात्री हॉलमधून उचलून आणलेलं फ्रेमचं मानपत्र घेतलं, गाडीला किक मारली आणि हातकणंगल्याला गेले.

काका ओट्यावर बसले होते. काकू आत पेपर घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तो उचलून धरला. “बरं झालं आलीस. म्होरच्याच खुर्चीत बसलोतो न्हवं मी? मला डुलकी लागलती व्हय? हे सगळं हेनी बोललं कवा?”

काका आत आले. म्हणाले, “अगं, ते आदीच लिहावं लागतंय.”

“कुणी लिहिलं?”

“मीच.”

काकूंनी पुन्हा एकदा पेपरात बघितलं. “भावुक झाले, ते बी तुमीच लिहिलासा?”

काकांनी नुसती मान डोलावली.

“मग चेअरमनसाहेबांची भाषणं छापून येत हुती आन् तुमी मला वाचून दावत हुतासा, ती बी असलीच?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मानपत्राची काच पुसत होते. “काय काय येळंला खरंच बोलायचे ते,” काका म्हणाले. मला हसू आवरलं नाही. काकूही हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“मी लुगडं नेसून, एसटीनं धक्के खात आलोतो, ते तुमचं बोलणं ऐकाय. आता बोला. काय बोलणार हुतासा?”

काका आढेवेढे घेतील असं मला वाटलं. पण ते उभे राहिले. घरातल्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला. “सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित मान्यवर...”

“कोण मान्यवर? मी हाय आन् ही पोरगी हाय.”

ते थांबले. खुंटीवरच्या जाकिटातून त्यांनी घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला, कागदाकडे थोडा वेळ बघितलं आणि तो टीव्हीवर ठेवून दिला. मग काकूंकडे न बघता बोलायला लागले.

“थोरलीच्या बारशाला मी न्हवतो. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी निघणार हुती. तू दिवसभर वाट बघितलीस. रातच्याला आलो, तर पोरगी झोपलीती. मी पुरवणी तुझ्याम्होरं टाकली आन् म्हटलं, बघ, कशी झालीया. तू हातातलं काम टाकून सगळी पानं बघितलीस. ब्येस झालीया म्हणालीस. दुसरं कायबी बोलली न्हाईस.” त्यांचा आवाज बसला. त्यांनी हात उगाच छातीशी आणला, जणू तिथं माईक होता. “त्याची मला अजून लाज वाटती. घरात म्हणाय जीभ कवा उचललीच न्हाय. वाटलं, चार माणसं असतील, माईक असंल, तर म्हणता येईल. एवढंच हुतं. संपलं.”

ते बसले. टाळ्या वाजवाव्यात की काय, मला समजेना. माझे डोळे भरले होते.

काकूंनी शेजारचा पेपर परत उचलला, ती बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली आणि माझ्याकडे वळल्या.

“पोरी, हे का न्हाय छापलं?”

काका खाली बघत होते. संघटनेची सहसचिव मी होते, बातमी मीच पाठवली होती. मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले.