हाशमभाईंनी न काढलेले खटके

हाशमभाईंच्या हातात कुणी पेन ड्राइव्ह दिली की ते आधी ती नाकाशी नेऊन हुंगायचे. मग चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघत विचारायचे, "कोनाची हाय? खरं सांगा." केजच्या बाजारातल्या त्यांच्या एवढ्याशा दुकानात हा प्रश्न ऐकून नवखं माणूस बिचकायचं. आणलेलं असायचं काय, तर कुणाच्या लग्नाचं नाहीतर कीर्तनाचं रेकॉर्डिंग. जुन्या कॅसेटवरचा किंवा मोठ्या मशीनवरचा आवाज मोबाइलवर वाजेल असा करून देणं हा त्यांचा धंदा होता, आणि संशय हा स्वभाव. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. इंटरनेट तर घेतलंच नव्हतं. "तारेतनं कोन आत येतंय, काय सांगावं?" समोरून चहा आला की आधी मला एक घोट घ्यायला लावायचे आणि माझं काही होत नाही हे बघून मग स्वतः प्यायचे. वर म्हणायचे, "शक करनं गुना न्हाई, पाटील. गुना झाल्यावर शक करून फायदा काय?"

मी त्यांच्याकडे गेलो होतो ते आईसाठी. आमच्या युसूफ वडगावात बारसं असलं की पाळणा म्हणायला आईलाच बोलावणं यायचं. एकदा विद्यापीठातल्या एक बाई गावात आल्या. त्यांनी आईला माजघरात बसवून भारीतल्या मशीनवर तिचे पाळणे भरून घेतले आणि पुढे पेन ड्राइव्ह पाठवून दिली. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचाही आवाज त्यांना हवा होता. पण अप्पा कसले ऐकतात! मशीन बघून त्यांनी तोंडच उघडलं नाही. त्यानंतर वर्षभरात अप्पा गेले आणि पाठोपाठ आईला अर्धांगाचा झटका येऊन तिची वाचा गेली. पडल्या पडल्या ती हातानं खुणा करून ते पाळणे मागायची. पण फाइल इतकी मोठी, की आमच्या मोबाइलवर वाजायला तयार नाही.

हाशमभाईंनी ती लहान करून दिली. घरी लावली, तर आईच्या आवाजात जागोजागी खटके! कट्, चट्, फोडणीत मोहरी तडतडावी तसे. मला वाटलं, मी परत यावं म्हणून या माणसानं मुद्दामच घातले असतील. परत गेलो तर ते माझ्यावरच उलटले.

"पेन ड्राइव्ह दुसरीकडं कुटं लावली होती?"

"कुठंच नाही."

"मंग कॉम्प्युटरनं बेइमानी केली."

आणि त्यांची तपासणी सुरू झाली. मूळ फाइल आणि लहान केलेली फाइल ते आळीपाळीनं ऐकत बसले. मूळ फाइलमध्ये नसलेला खटका म्हणजे बदलताना आत शिरलेला, हा त्यांचा हिशेब. त्यांचं म्हणणं पडलं, की बाईंनी आवाज काठोकाठ भरलाय आणि लहान भांड्यात ओतताना तो सांडतोय. मग त्यांनी आवाज जरा उतरवला आणि फाइल नव्यानं बदलली. बहुतेक खटके गेले. काही राहिले, ते नेमके कडव्यांच्या शेवटी.

"हेही काढा की," मी म्हणालो. "त्याला बटण असतं म्हणे."

"बटन आंधळं असतंय, पाटील. हे खटके मुळातच हायेत. ऐका, त्याच्या मागं खोली घुमती. मशीनचा खटका नुस्ता तुटतो, घुमत न्हाई. हे मानसाचं काम हाय. कोन होतं तितं?"

"आई आणि त्या बाई. तिसरं कुणी नव्हतं."

"तुमी होता?"

"मी शेतात होतो."

"मंग तुमाला काय म्हाईत? मला तर वाटतंय, कोनीतरी लपून दुसरी मशीन चालवत होतं."

माझं डोकंच फिरलं. आई तिकडे वाट बघतेय आणि हा माणूस चोर शोधतोय! पेन ड्राइव्ह ओढून घेतली आणि थेट बीड गाठलं. तिथल्या एका चकचकीत दुकानात एकानं बटण दाबलं आणि उरलेला एकूण एक खटका गेला.

घरी येऊन मोबाइल आईच्या उशाशी ठेवला. पहिलं कडवं सुरू झालं तसा तिचा चेहरा खुलला. कडवं संपलं आणि तिनं मान उंबऱ्याकडे वळवली. दुसरं संपलं, पुन्हा तेच. मग चिडून तिनं आपला धड हात वर केला आणि अंगठा नि बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मला काही कळेना. शेवटी तिनं फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे अप्पांचा अडकित्ता होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बारशाला आत बायका पाळणा म्हणत आणि बाहेर पुरुष विड्यांसाठी सुपारी कातरत बसत. अप्पांची जागा उंबऱ्याबाहेरची. आईचं कडवं चालू असेपर्यंत त्यांचा अडकित्ता थांबलेला असायचा आणि कडवं संपलं की कट्. आयुष्यात कधी तिला तोंडानं "छान म्हटलंस" म्हणाले नाहीत. त्यांची दाद ती एवढीच. रेकॉर्डिंगच्या दिवशीही ते सवयीनं तिथेच बसले असणार. आणि बीडच्या त्या पठ्ठ्यानं जागा हवी म्हणून मूळ फाइलही पुसून टाकली होती! मोबाइलवरची खटक्यांची फाइल मी आधीच काढली होती आणि त्या बाईंचा पत्ता कुणाकडेच नव्हता. मला रडूच कोसळलं.

सकाळी उठून केज गाठलं. "कावून आलात? आता काय झालं?" हाशमभाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"तुमी खराब करून आननार असा शक होता. म्हनून मुळातल्या फाइलीची एक नक्कल मी ठेवलीय."

मला न विचारता ठेवली होती, पण त्या क्षणी मी त्यांचे पाय धरले असते. फाइल मात्र त्यांनी लगेच दिली नाही. "अडकित्ता कशावरून? घेऊन या. सुपारी बी आना."

दुपारी अडकित्ता घेऊन पुन्हा हजर झालो. त्यांनी माइक लावला. "हां, कापा पाटील. असं न्हाई, जरा लांबून. परत कापा." मग तो आवाज आणि फाइलमधला खटका एकामागून एक ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खोली येगळी हाय, पन हत्यार तेच. म्हातारा लई सबुरीचा होता. एक बी खटका शब्दावर पडला न्हाई." आणि पाळण्यांची नि ही तपासणीची, अशा दोन्ही फाइली माझ्या पेन ड्राइव्हमध्ये भरून दिल्या.

आई शेवटपर्यंत रोज ते पाळणे ऐकायची. कडवं संपून कट् झालं की तिचा अंगठा हलायचा.

गेल्या उन्हाळ्यात हाशमभाई अचानक गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी सलमाभाभी म्हणाल्या, "साऱ्या गावाचा आवाज भरला त्येंनी, सोताचा कुटंच न्हाई. माइकवर भरोसा नव्हता ना." मला त्या तपासणीच्या फाइलची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी नेऊन ऐकवली. "हां, कापा पाटील. असं न्हाई, जरा लांबून. परत कापा."

भाभी पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. संपल्यावर डोळे पुसले, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यातनं काय काढलं तर न्हाई ना? खरं सांगा."